ओळखीचे काम आणि रांगेतले काम

जुनी नस्ती (धागाकर्ता) :

मी एका विद्यापीठाच्या प्रशासनात ३१ वर्षे नोकरी केली आणि सहायक कुलसचिव म्हणून निवृत्त होऊन आता अमळनेरला राहतो. ते विद्यापीठ खान्देशातले नाही, आणि त्याचे नाव सांगण्याची गरजही नाही, कारण संस्थेची तक्रार करण्यासाठी नव्हे तर माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवण्यासाठी हा धागा काढला आहे. लाच घेणारे, गुण वाढवून देणारे, बनावट पदव्या छापणारे यांच्याविषयी आपल्या सगळ्यांचे एकमत असते, त्यामुळे त्यात चर्चेला फारसे काही उरत नाही. मला बोलायचे आहे ते ज्याने नोकरीत कधी एक रुपया घेतला नाही अशा कर्मचाऱ्याविषयी.

२००८ साली मी पुनर्मूल्यांकनाच्या कार्यासनात कक्ष अधिकारी होतो. उन्हाळी परीक्षेचे निकाल लागले की अर्ज येत, त्यांवर आवक क्रमांक पडे, उत्तरपत्रिका भांडारातून शोधून काढल्या जात, आसनक्रमांक झाकून सांकेतिक क्रमांक टाकला जाई आणि विषयवार गठ्ठे बांधून ते परीक्षकांकडे रवाना होत. अशात एके दिवशी चोपड्याहून माझ्या साडूंचा फोन आला. त्यांच्या शेजाऱ्यांच्या मुलीला नोकरीचे पत्र आले होते, एका विषयात ती तीन गुणांनी राहिली होती आणि गुणपत्रक दाखवायला तिच्याजवळ तीन आठवडे होते. मी तिचा अर्ज गठ्ठ्यातून काढला, उत्तरपत्रिका शोधून घेतली आणि आमच्या शिपायाच्या हाती त्याच दुपारी परीक्षकांच्या घरी पाठवली. नवव्या दिवशी निकाल लागला, मुलगी उत्तीर्ण झाली आणि नोकरीवर रुजू झाली. हिवाळ्यात मी गावी आलो तेव्हा तिचे वडील बामणोदची भरताची वांगी घेऊन घरी आले. ती मी घेतली, आणि आमच्या आईने चार घरी कौतुकाने सांगितले की आमचा नाना लोकांच्या उपयोगी पडतो.

आता दुसरी बाजू. त्या विषयाचा उरलेला गठ्ठा बांधून टपालात देण्याचे काम त्या दिवशी त्याच शिपायाकडे होते. तो परीक्षकांकडे गेल्यामुळे गठ्ठा राहिला, पुढे जोडून सुट्या आल्या, आणि गठ्ठा पोहोचला तोवर परीक्षक तो एक पेपर तपासून देऊन कुटुंबासह बाहेरगावी गेले होते. सगळे मिळून सव्वा महिना गेला. त्यानंतर एक मुलगा खिडकीशी आला. त्याचे ३१ चे ४२ गुण झाले होते, परंतु बी.एड.च्या प्रवेशाची मुदत संपली होती. त्याने आवाज चढवला नाही. ‘साहेब, आता ह्या कागदाचं काय करू?’ एवढेच त्याने विचारले, आणि पुढच्या वर्षी उपयोगी पडेल, असे मी त्याला सांगितले. तो गेल्यावर मी नोंदवही काढून पाहिली, तर त्याचा अर्ज त्या मुलीच्या अर्जाच्या सहा दिवस आधीचा होता.

मी कोणता नियम मोडला हे कोणत्याही लेखापरीक्षकाला दाखवता येणार नाही. अर्ज क्रमानेच निकाली काढावेत असे लेखी परिपत्रक आमच्याकडे नव्हते. गुण परीक्षकांनी दिले, मी दिले नाहीत. तरीही गेली काही वर्षे मला असे वाटते की आमच्या व्यवसायातला नीतीचा खरा प्रश्न पैशाच्या पाकिटापेक्षा कागद कोणत्या क्रमाने हलतो यात आहे, आणि ज्याला आपण माणुसकी म्हणतो ती बहुतेक वेळा आपल्या ओळखीच्या माणसापाशी येऊन थांबते. रोज संध्याकाळी फिरायला जाताना वाटेत प्रतापशेठांनी १९१६ साली उभे केलेले तत्त्वज्ञान मंदिर लागते. तिथे एके काळी अद्वैतावर वाद चालत. माझा प्रश्न त्यापुढे फारच कारकुनी आहे, पण तो मला सोडत नाही. आपण माझ्या जागी असता तर साडूंना काय उत्तर दिले असते?

गिरणाकाठ :

नाना, आपण स्वतःवर अन्याय करत आहात असे मला प्रथम वाटले, आणि दोनदा वाचल्यावरही ते मत पूर्णपणे बदललेले नाही. मी सध्या याच व्यवसायात आहे. त्या मुलीची निकड खरी होती की नव्हती? खरी असेल तर तिचा अर्ज आधी काढणे हे योग्यच होते. मुलाचे नुकसान झाले ते गठ्ठा दुसऱ्या माणसाकडून बांधून न घेतल्यामुळे, म्हणजे कामाच्या ढिलाईमुळे. त्यात नीती कुठून आली?

माझा अनुभव असा आहे की जिथे निकडीच्या कामासाठी उघड दरवाजा नसतो तिथे लोक खिडकीतून आत येतात. पूर्वी विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायची असेल तर आत कोणी ओळखीचे असावे लागे. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहिती अधिकाराच्या कायद्याखाली परीक्षार्थ्याचा हक्क आहे, आणि छायाप्रत हे शुल्क भरून मिळणारे साधे काम झाले. त्या एका निर्णयाने आमच्या विभागातले ‘जरा बघून सांगा ना’ हे फोन जेवढे कमी झाले, तेवढे कोणत्याही नीतिपर व्याख्यानाने झाले नसते. तेव्हा निकडीच्या अर्जासाठी वेगळा रकाना, त्यासोबत नोकरीचे वा प्रवेशाचे पत्र जोडण्याची अट आणि कुलसचिवांची लेखी मान्यता एवढे केले, की साडूंना सांगता येते, ‘अर्जाबरोबर पत्र जोडा, काम होईल.’

जुनी नस्ती :

गिरणाकाठभाऊ, रकान्याची सूचना मला मान्य आहे आणि पुढे मी तशी टिपणी सादरही केली होती. तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला, आणि चर्चा काही झाली नाही.

परंतु आपल्या प्रश्नातच एक गोष्ट सुटली आहे. मुलीची निकड खरी होती हे मला कळले कारण तिच्या वडिलांच्या शेजाऱ्याला माझा दूरध्वनी क्रमांक माहीत होता. मुलाची निकडही तेवढीच खरी होती आणि ती मला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. मी दोन निकडी तोलून एक निवडली असती तर आपले म्हणणे मी स्वीकारले असते. माझ्यासमोर तराजूचे एकच पारडे होते.

सातपुड्याचा पायथा :

मी त्या खिडकीच्या बाहेरचा माणूस आहे, म्हणून लिहितो. माझे गाव धडगावच्या पुढे आहे. आमच्या आधीच्या पिढीला पदवीच्या कागदासाठी पुण्याला जावे लागे, कारण १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावचे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत खान्देशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाखाली होती. जळगाव जवळ आले ही मोठी सोय झाली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे, आणि पुढे २०१८ साली अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचे नाव त्या विद्यापीठाला मिळाले याचे आम्हा पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांना विशेष वाटते. तरीही सातपुड्यातून निघालेल्या माणसाचे जाण्यायेण्यात दोन दिवस जातात.

माझा स्वतःचा प्रसंग दुसऱ्याच एका संस्थेतला आहे आणि तिचे नाव मी घेत नाही. मला स्थलांतर प्रमाणपत्र हवे होते. खिडकीवरच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने ‘उद्या या’ असे सांगितले. त्यांच्या दृष्टीने उद्या म्हणजे एक रात्र होती. माझ्या दृष्टीने ती बसस्थानकावरची रात्र होती, नाहीतर परत जाऊन पुन्हा येण्याचे भाडे होते, आणि त्या दिवसांत माझे वडील गुजरातेत ऊसतोडीला होते. मी बसस्थानकावर झोपलो. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र तयार होतेच, पण ते आदल्या दिवशीही तयार होते, कारण त्यावरची तारीख आदल्या दिवशीची होती.

मी आता आश्रमशाळेत शिक्षक आहे आणि दाखला मागायला पालक आले की ते किती लांबून आले हे आधी विचारतो. मीसुद्धा क्रम मोडतोच, नाना. फक्त लांबच्या माणसासाठी मोडतो. ते आपल्या हिशेबात कुठे बसते, हे मला जाणून घ्यायचे आहे.

जुनी नस्ती :

आपण लांबच्या माणसाला आधी घेता तेव्हा ते रांगेतल्या सगळ्यांसमोर घेता आणि उद्या दुसरा कोणी तितक्याच लांबून आला तर त्यालाही घ्याल. मी जे केले ते रांगेला दिसले नाही. मला वाटते फरक इथेच आहे, पण यापुढे मला नीट सांगता येत नाही.

बारनिशी :

धाग्यावर सगळे पुरुषच बोलत आहेत म्हणून थोडी थांबले होते. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अनेक वर्षे आवक-जावक सांभाळली. बाहेरच्या लोकांना हे काम अगदी निरुपद्रवी वाटते. क्रमांक घाला, तारीख घाला, शिक्का मारा. वास्तविक कार्यालयातला निम्मा खरेखोटेपणा या वहीत ठरतो. प्रस्तावाची मुदत ३१ तारखेला संपलेली असते आणि प्रस्ताव ७ तारखेला तयार होतो. मग मागच्या तारखेचा जावक क्रमांक हवा असतो. यासाठी माझ्या आधीच्या कारकुनांनी एक सोय करून ठेवली होती. दिवस संपताना वहीत चार-पाच ओळी कोऱ्या सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशीचा क्रमांक तेवढे आकडे पुढे जाऊन सुरू करायचा. गरज पडेल तशा त्या ओळी भरत जात. कोणी पैसे मागत नव्हते. ही कार्यालयाची पद्धत आहे, असेच मला पहिल्या आठवड्यात शिकवण्यात आले.

मी कोणाशी वाद घातला नाही. रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली तांबड्या शाईची आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली आद्याक्षरी करायची, एवढेच सुरू केले. तीन महिने कोणाच्या लक्षातही आले नाही. चौथ्या महिन्यात एका पदाच्या मान्यतेचा प्रस्ताव अडला, तेव्हा मला बोलावून ‘ताई, एवढी ताठ कशाला राहतेस, संस्थेचंच काम आहे’ असे समजावण्यात आले, आणि त्यानंतर माझी ग्रंथालयात नेमणूक झाली. तिथे मला वाचायला भरपूर मिळाले, म्हणून ती शिक्षा होती असे म्हणवत नाही. वहीतल्या कोऱ्या ओळी पुन्हा सुरू झाल्या, हेही सांगून टाकते, म्हणजे माझ्या रेघेचे कोणी फार कौतुक करणार नाही.

वकील तात्या :

बारनिशीताईंच्या रेघेविषयी मला आदर आहे, परंतु कायद्याची बाजूही इथे नोंदवली पाहिजे, कारण अनेक कर्मचारी स्वतःला फक्त संस्थेचे नोकर समजतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये लोकसेवकाची जी व्याख्या आहे तिच्यात विद्यापीठाचे कुलगुरू, अध्यापक आणि कोणत्याही पदनामाचा कर्मचारी येतो, आणि एवढेच नव्हे, तर परीक्षेच्या कामासाठी विद्यापीठाने ज्याची सेवा घेतली असेल तोही येतो. म्हणजे चार दिवसांसाठी बोलावलेला परीक्षक त्या कामापुरता लोकसेवकच असतो. घेतलेला लाभ पैशातच मोजता आला पाहिजे असे हा कायदा म्हणत नाही, त्यामुळे नानांच्या वांग्यांवर मी अधिक भाष्य करत नाही.

दुसरा मुद्दा तोंडी आदेशाचा. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर निर्णय देताना सनदी अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी सूचनांवर काम करू नये आणि अशा सूचना लेखी नोंदवाव्यात, असे सांगितले. तो निर्णय विद्यापीठाच्या कक्ष अधिकाऱ्यासाठी दिलेला नव्हता, पण त्यातला विचार त्याच्या टेबलालाही लागू पडतो. साहेबांनी ‘नियमात बसवून द्या’ असे सांगितले, तर टिपणीची सुरुवात ‘मा. महोदयांनी दिलेल्या तोंडी निर्देशानुसार’ अशी करावी. पुष्कळदा एवढे वाचूनच निर्देश मागे घेतला जातो.

गिरणाकाठ :

तात्या, असे वाक्य मी एकदा लिहिले होते. नस्ती तीन दिवसांनी परत आली आणि तिच्यात माझे पान नव्हते. तेव्हापासून मी पानांना क्रमांक घालतो आणि टिपणीची छायाप्रत घरी ठेवतो. छायाप्रत घरी नेणे हाही नियमभंगच आहे, याची मला कल्पना आहे.

हिशेबनीस :

वांग्यांचा विषय तात्यांनी हसण्यावारी नेला, पण मी तो नेऊ देणार नाही. मी वित्त व लेखा विभागातून निवृत्त झालो, आणि एका महाविद्यालयाच्या संलग्नीकरणाच्या वेळी चौकशी समितीबरोबर सहायक म्हणून गेलो होतो. ‘लोकल इन्क्वायरी कमिटी’ या नावावरून आमच्यात तिला एलआयसी म्हणतात, आणि विम्याशी तिचा संबंध नसला तरी पुष्कळांचे भवितव्य तिच्यावर अवलंबून असते. समितीने पाहायचे काय, तर ग्रंथालयात पुस्तके किती, प्रयोगशाळेत साहित्य आहे की नाही, पात्र शिक्षक नेमले आहेत की नाहीत. प्रत्यक्षात आम्ही अकराला पोहोचलो, चहा झाला, शाल आणि श्रीफळ झाले, आणि मग अध्यक्षांच्या मळ्यात काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी आणि वर केळीच्या बागेतून फेरफटका. जानेवारीतला दिवस, हिरव्या मिरचीचा ठेचा, निंबाची सावली. प्रयोगशाळा पाहिली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि ज्यांच्या पानात आम्ही जेवलो होतो ते आमच्याबरोबर चालत होते. सूक्ष्मदर्शकांच्या खोक्यांवर दुसऱ्या महाविद्यालयाचे नाव आहे हे मला दिसले, समितीतल्या इतरांनाही दिसले असावे. अहवालात ‘साहित्य उपलब्ध आहे’ असे लिहिले गेले. ते खोटेही नव्हते, कारण त्या दिवशी ते उपलब्ध होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या, म्हणजे महाविद्यालये व विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, तपासणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली, तेव्हा आमच्या जुन्या मंडळींपैकी प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली. मला मात्र तो मळा आठवला. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध लिहू नये, हे आम्हाला घरात शिकवले गेले होते, आणि ही शिकवण चांगल्या घरातलीच होती. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की तपासणीला जाणाऱ्याने डबा घरून न्यावा. लोक हसतील. मी शेवटची सात वर्षे नेला आणि लोक हसले.

तिरकस :

सर्व मान्यवरांची क्षमा मागून लिहितो. आपण वांगी, डबे आणि तांबड्या रेघा यांवर बोलत आहात, आणि याच राज्यात १९८६ साली एम.डी.च्या परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला, निकाल महिनोन्महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दोष वर असतो. कक्ष अधिकाऱ्याने स्वतःला इतके महत्त्व देऊ नये.

बारनिशी :

वरच्यांचा दोष मोठा असतो हे कोण नाकारते? पण वरून आलेला प्रत्येक आदेश कागदावर उतरायला कोणाचा तरी हात लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ म्हणतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि तो कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावावा. हा दट्ट्या चांगलाच आहे. परंतु तपासणी पुरी झालेली नसताना ‘तयारी पूर्ण’ असा शेरा ज्या टेबलावर लिहिला जातो, ते टेबल कुलगुरूंचे नसते. आणि तिरकसभाऊ, तुम्ही म्हणता तसे स्वतःला महत्त्व न देणे हेच आमच्या कार्यालयात रोज ऐकू येई. प्रत्येक जण म्हणे, मी काय, सही करणारा.

सातपुड्याचा पायथा :

नाना, एक विचारायचे राहिले. त्या मुलाला आपण नंतर कधी सांगितले का?

जुनी नस्ती :

नाही. त्या दिवशी खिडकीपाशी सांगता आले असते, पण धीर झाला नाही. पुढे त्याला शोधावे असे अनेकदा मनात आले आणि तेही केले नाही.

जे केले ते असे. त्या वर्षाच्या अखेरीस मी दोनशे पानी वही घेतली आणि माझ्याकडे कोणाचेही ‘तेवढं आधी बघा’ असे आले की तारीख, वेळ, कोणामार्फत आणि कोणाचे काम, एवढे तिच्यात लिहू लागलो. मंत्रालयातून, व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांकडून, सोयऱ्यांकडून, कधी आमच्याच घरातून येणाऱ्या सगळ्या विनंत्या तिच्यात आल्या. ‘मना आंडोरनं (माझ्या मुलाचं) एवढं काम करी द्या, भाऊ’ असे म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांची नोंद करताना मला फार वाईट वाटले होते, पण केली. मी वही लिहितो हे लोकांना कळल्यावर विनंत्या निम्म्यावर आल्या, आणि ज्या आल्या त्यांतल्या पुष्कळ खरोखरच निकडीच्या होत्या; त्या मी विभागप्रमुखांपुढे उघडपणे ठेवू लागलो. साडूंनी मात्र दोन वर्षे माझ्याशी अबोला धरला. वही अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर त्या मुलीची नोंद आहे, ती मी आठवणीने मागाहून केली. तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, गाव, विषय, सगळे आहे. त्याखाली त्या मुलाची नोंद करायला गेलो तेव्हा लक्षात आले की मला त्याचे नाव आठवत नाही.

बारनिशी :

नाना, नाव नसले तरी अर्जाचा आवक क्रमांक होता ना? पुनर्मूल्यांकनाच्या नोंदवहीत तो विषय आणि ती तारीख पाहिली, तर ३१ चे ४२ झालेला अर्ज एखाद-दुसराच निघेल. आपले जुने सहकारी अजून तिथे असतील तर एका दिवसाचे काम आहे.

जुनी नस्ती :

ताई, हे मला सुचले होते, पण उशिरा सुचले. त्या वर्षाच्या नोंदवह्या जतन करण्याची मुदत संपल्यावर रीतसर यादी होऊन नष्ट झाल्या. त्या यादीच्या मान्यतेवर सहायक कुलसचिव म्हणून माझीच सही आहे.